नगराळे भाऊंचा खोटा वाघ

चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलरसमोरची जागा सोडायला कोणी तयार नसतं. नगराळे भाऊंनी नेमकं हेच हेरून आमच्या ऑफिसच्या सकाळच्या बैठकीचा नियम केला होता. बैठक उभ्यानं. ज्याची बोलायची पाळी, त्यानं कूलरपुढून हटायचं आणि खिडकीपाशी जायचं, जिथं बाहेरच्या पत्र्याची झळ थेट तोंडावर येते. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं, एवढं सांगायचं की परत गारव्यात. माझ्या आधीच्या कंपनीतही अशा उभ्या बैठका होत. तिथं लोक उभे राहून तासभर बोलत आणि मग पाय दुखतात म्हणून बसून पुढचं बोलत. आमच्याकडे चहा निवायच्या आत बैठक आटपायची. भाऊ म्हणायचे, "बसला का माणूस भाषण देते. उभा केला का काम सांगते. अन् उन्हात उभा केला का खरं सांगते."

वामन नगराळे हे त्यांचं पूर्ण नाव. कागदावर कुठलासा लांबलचक इंग्रजी हुद्दा होता, पण सगळे 'भाऊ'च म्हणत, कंपनीचे मालकसुद्धा. कंपनी म्हणजे मूल रोडवर एका औषधांच्या दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. भाऊंचे वडील माजरीकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला होते. भाऊ शिकले, पुण्याच्या मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत बरीच वर्षं काढली आणि एक दिवस बॅग उचलून परत आले. का आलात, विचारलं की सांगायचे, "तिथी कामाची बैठक होये. त्या बैठकीची तयारी कराले आणखी एक बैठक होये. मले वाटलं, आपण इथी मेलो तं मयत उचलाच्या आधी मीटिंग बसन."

मी वरोऱ्याची. मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी 'अगं बाई' करायला नको. मुलाखतीला मी माझ्या कामाची भली मोठी फाइल घेऊन गेले होते. भाऊंनी ती उघडलीच नाही. म्हणाले, "मीनलबाई, आजपर्यंत कोड पुसला किती?"

"पुसला?" मी म्हटलं. "लिहिला किती ते विचारा ना!"

"लिवते तं कोणीबी. घरात सामान आणणारे ढीगभर असते. अडगळ काढणारा एखांदाच असते, अन् घर त्याच्याच भरोशावर चालते."

मी ताडकन उठून निघणार होते. पण मालकांनी चहा सांगितला होता, आणि आलेला चहा टाकून जाणं आमच्या घराण्यात नाही. चहा संपेपर्यंत नोकरी पक्की झाली. पुढं कळलं, भाऊंचं हे नुसतं बोलणं नव्हतं. ज्या दिवशी ते काही लिहीत नसत, नुसतं जुनं काढून टाकत, त्या दिवशी त्यांच्या तोंडावर सण असे. माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला कुणी वापरत नसलेला एक जुनापुराणा कोड दिला आणि म्हणाले, "घ्या बाई, तुमच्या हातानं पुसा." केक प्रफुल्लनं आणला म्हणून बरं.

हा प्रफुल्ल ठेंगणे. कामाला वाघ, पण गालात सदैव खर्रा. तंबाखू-सुपारीचा तो घोटीव ऐवज आमच्या भागात इतका चालतो की इथल्या निम्म्या लोकांशी बोलताना 'हूं' आणि 'उंहूं' एवढ्यावरच भागवावं लागतं. भाऊंनी पुण्याहून आणलेल्या पद्धतींपैकी एक म्हणजे दोघांनी एकाच संगणकावर जोडीनं काम करायचं. एकानं टंकायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून चुका दाखवायच्या. माझी जोडी प्रफुल्लशी लावली. मी चुकले की हा 'हूं' करायचा. चुकले नाही तरी 'हूं' करायचा. चौथ्या दिवशी मी कीबोर्ड त्याच्या मांडीवर आपटला. भाऊंनी शांतपणे नवा नियम सांगितला: "जो टंकत नाई, त्यानं बोलत राहाचं. मुकाट बसला तं त्याची पाळी बाद." आता बोलायचं म्हणजे तोंड रिकामं हवं. बिचाऱ्याचा खर्रा दिवसातून दोनदा जेवणानंतर, एवढ्यावर आला. त्याची आई ऑफिसात येऊन भाऊंच्या पाया पडायला निघाली होती. भाऊ म्हणाले, "बाई, म्या काई नाई केलं. ते पद्धतच तशी हाये."

त्यांचा दुसरा मंत्र खाणीतून आलेला. वडील खाणीत उतरले की पुढं पाऊल टाकायच्या आधी काठीनं डोक्यावरचं छत ठोकून बघत. टणक आवाज आला तर आत, भद्द आला तर मागं. कोड लिहायच्या आधी त्याची परीक्षा लिहून ठेवायची, ही आजकालच्या सॉफ्टवेअरवाल्यांची रीत. भाऊंनी तिचं चार शब्दांत बारसं केलं होतं: "आधी ठोक, मंग घूस." अलीकडे यंत्रच कोड लिहून द्यायला लागलं तेव्हा प्रफुल्ल हुरळून गेला. भाऊंनीही ते यंत्र आनंदानं वापरलं, पण त्याचं नाव ठेवलं 'जावई'. "बोलते गोड, येते सगळं, चुकलं तरी छातीठोक चुकते. पाटावर बसवा, पाहुणचार करा, पण त्याच्या शब्दावर शेत इकू नका." जावयानं लिहिलेल्या प्रत्येक ओळीला मग दुप्पट ठोकणं आलं.

पण भाऊंना सगळ्यात प्रिय तत्त्व होतं ते दोषाचं. काही बिघडलं की सगळ्यांनी बसायचं आणि 'कोणी केलं' हा प्रश्न विचारायचाच नाही. चूक आत कशी शिरली, तिला कोणत्या दारानं वाट मिळाली, एवढंच शोधायचं. "माणसाले धरलं का माणूस लपवाले लागते," ते म्हणत. "दार धरा." एकदा माझ्या हातून एका गिरणीच्या हिशोबाचा पार चुथडा झाला. मी भांडायच्या तयारीनं पदर खोचून उभी. कोणी काही बोललंच नाही. भांडण अंगात तसंच राहिलं आणि मला दोन दिवस अपचन झालं.

आता वाघाचं सांगते, कारण भाऊंचं सगळं त्यातच आलं.

जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी एका संस्थेनं आमच्याकडून एक व्यवस्था करून घेतली होती. जंगलाच्या कडेला कॅमेरे. वाघ कॅमेऱ्यापुढून गेला की फोटो आमच्या यंत्राला दिसायचा आणि त्या गावातल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजायचे. उचलला की एक यांत्रिक बाईचा आवाज सांगायचा, वाघ दिसला आहे, घरी परता. सावली तालुक्यातलं एक गाव त्यात होतं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाया हे वाचतील आणि मला अजून त्या बाजूला जायचं असतं. आदल्या साली त्या गावातली एक बाई वाघानं नेली होती. त्यामुळे हे काम करताना ऑफिसात थट्टामस्करी कमी चालायची.

व्यवस्था तपासायची तर खोटा वाघ सोडावा लागतो, म्हणजे वाघाचा एखादा जुना फोटो यंत्राला दाखवायचा. आम्ही त्यासाठी संगणकात एक बनावट गाव तयार करून ठेवलं होतं. भाऊंना ते पसंत नव्हतं. "खोट्या गावात खऱ्या चुका भेटत नाई," ते म्हणाले आणि त्यांनी त्या खऱ्या गावाची जशीच्या तशी नक्कल उतरवली. फक्त गावकऱ्यांचे फोन नंबर काढून तिथं आमचे टाकायचे होते. ते करायला त्यांनी स्वतः एक छोटासा कोड लिहिला. अगदीच किरकोळ. मी विचारलं, "भाऊ, ठोकलं का?"

"एवढ्याशा कामाले काय ठोकाचं?" भाऊ म्हणाले आणि वाघ सोडला.

आमचे फोन वाजले नाहीत. भाऊ म्हणाले, "काऊन वाजून नाई राह्यले?" मग त्यांनी यादी उघडली. नंबर बदललेच नव्हते. त्यांच्या कपाळावरचा घाम मला कूलरपाशी बसून दिसला. भाताच्या रोवणीचे दिवस, भर दुपार, गावातल्या सगळ्या बाया चिखलात वाकलेल्या, आणि सावलीकडच्या त्या गावात प्रत्येक कमरेला खोचलेला मोबाइल एकाच वेळी वाजून वाघ आला म्हणून सांगत होता.

मालकांनी कपाळाला हात लावला. मी मात्र लगेच नियमाप्रमाणे सगळ्यांना बसवलं.

"माह्या हातून झालं," भाऊ म्हणाले.

"ते विचारलंच नाही भाऊ," मी म्हटलं. "चूक कोणत्या दारानं आली ते पाहू."

"अवो, पण मीच केलो ना!"

"भाऊ, माणसाले धरलं का माणूस लपवाले लागते," प्रफुल्ल म्हणाला. हे वाक्य बॉसला ऐकवायची संधी त्याला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती आणि त्यासाठी त्यानं खर्रा थुंकला होता.

आम्ही दार शोधलं, बुजवलं. नंबर बदलणाऱ्या कोडला परीक्षा लावली, आणि वाघ सोडायचा तर दोघांनी मिळूनच सोडायचा असं ठरवलं. सगळं रीतसर. भाऊ मात्र दिवसेंदिवस वाळत चालले. त्यांच्या मिसेस, छायाताई, सिंदेवाहीकडच्या एका गावात शाळेवर होत्या. तिथून त्यांचा मला फोन आला. "मीनल, काय केलं वो तुम्ही यायले? सुट्टीले आले तं जेवले नाई." मी म्हटलं, काहीच केलं नाही, तेच तर दुखणं आहे. एकदा दुपारी भाऊ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मीनलबाई, तुम्हाले एवढा राग येते. एकडाव माह्यावर काढा ना." मला हसू फुटलं आणि गलबलूनही आलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा राग मागत होतं, आणि नेमका तेव्हा तो आला नाही.

त्यांना खरी भीती वेगळीच होती. गावात लोकांनी आमच्या, म्हणजे चांद्यावाल्यांच्या (चंद्रपूरला तिकडे चांदाच म्हणतात), नंबरचे फोन उचलणंच बंद केलं होतं. भाऊ म्हणाले, "आता खरा येईन. फोन वाजन. बाया म्हणतीन, त्या चांद्यावाल्यायचाच असन, वाजू दे. अन् एक बाई घरी जाणार नाई."

मालक म्हणाले माफीचा मेसेज पाठवू. भाऊंनी ऐकलं नाही. मला आणि प्रफुल्लला घेऊन एसटीनं निघाले.

गावच्या समाजमंदिरात माणसं कमी, बायाच जास्त. पुढं शेवंताबाई. रोवणीच्या टोळीची मुखत्यार. वाघानं नेलेली बाई हिची सख्खी जाऊ. तिनं भाऊंना खालून वर पाहिलं.

"तूच का तो वाघवाला?"

"हाव बाई. पण आमच्याकडे असं मानते का, चुकीचा दोष माणसाचा नसते, पद्धतीचा असते..."

"ते पद्धत कुठी राहते? बोलाव तिले इथी."

"ते... ते तशी दिसत नाई बाई."

"मंग बटन दाबलं कोणं? तिनं दाबलं?"

"मीच दाबलो."

"मंग असं बोल ना बाप्पा! एवढा वेळ काऊन फिरवून राह्यला?"

आणि मग बांध फुटला. एकीचे पऱ्हे, लावायला काढलेली भाताची रोपं, वाहून गेले होते. एक धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पडून बांगड्या फोडून बसली होती. एक म्हातारा बाभळीवर चढला होता आणि त्याला उतरवायला शिडी आणावी लागली होती. काट्यांचा हिशोब तो अजून करत होता. मागून एक माणूस उठून म्हणाला, "माह्या पोरीले पाहाले आलेले पाहुणे दिवसभर कोंडून राह्यले. दोन डाव जेवू घालावं लागलं!"

"लग्न जमलं का?" शेवंताबाईनं विचारलं.

"जमलं."

"मंग तू काऊन बोंबलून राह्यला? बस खाली."

मी भाऊंकडे पाहिलं आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. जसजशा शिव्या पडत होत्या, तसतसा माणूस खुलत होता. पाठ सरळ झाली. "बरोबर हाये बाई, आणखी बोला," म्हणत होते. किती दिवसांचा उपाशी माणूस पंगतीला बसावा, तसं.

दंड ठरला: त्या दिवशी सुटलेली रोवणी पुरी करून द्यायची. तिघांनी. आता यात माझा काय संबंध? मी नवीन सलवार-कमीज घालून गेले होते, तेही फिकट रंगाचं. तरी उतरले चिखलात, आणि उतरल्याबरोबर पोटरीला एक जळू चिकटली. मी जे काही बोलले ते ऐकून शेजारच्या बाया माझ्याकडे आदरानं पाहायला लागल्या. भाऊंची ओळ अशी वाकडी चालली होती की शेवंताबाई मागून येऊन त्यांनी लावलेला एकेक पऱ्हा उपटून परत लावत होती. प्रफुल्ल ओरडला, "भाऊ, तुमचं लिवलेलं कोणीतरी पुसून राह्यलं!" भाऊ चिखलात उभे राहून पोट धरून हसले. त्या दुपारी त्यांनी तीन वेळा भात मागून घेतला.

निघताना शेवंताबाईनं खरी मागणी सांगितली. "तुह्या मशीनीतल्या त्या बाईले चूप कर. कोण हाये ते? कोण्या गावची? उद्या पुन्हा खोटं बोलली तं म्या कोणाचं घर गाठाचं? तू बोल. आपलं नाव सांगून बोल."

परतीच्या एसटीत भाऊंनी नखांतला चिखल काढला. मग म्हणाले, "मीनलबाई, मले वाटे, दोष द्याचा नाई म्हणजे नाव घ्याचं नाई. हे बाई नाव बी घेते, दंड बी करते, अन् वरतून भात वाढते."

"आपल्या पद्धतीत चिखल तरी नसतो," मी म्हटलं. माझी पोटरी अजून रक्ताळत होती.

दुसऱ्या दिवशी खिडक्या बंद करून, कूलर बंद करून, त्यांनी आवाज भरला. पहिल्यांदा फारच शुद्ध बोलले, मी फेटाळलं. मग आपल्या बोलीत बोलले: "मी वामन नगराळे बोलून राह्यलो, चांद्याहून. तुमच्या अंगानं वाघ निंगाला हाये. हातातलं काम टाका, घरी निंगा. खोटा असन तं मले धरा." यांत्रिक बाईला भाऊंनी आपल्या हातानं पुसलं.

धानकापणीच्या दिवसांत तो फोटो आला. खरा. पट्टे, मिशा, सगळं. त्या गावाचे फोन वाजायला लागले आणि आम्ही तिघं पडद्यापुढं उभे राहिलो. कोणी उचलला, कोणी नाही, हे तिथं दिसतं. पण उचलून कोणी निघालं का, ते दिसत नाही. भाऊ खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांच्या ओठांवर काही चाललं होतं. जवळ गेले तर ते आपलाच निरोप पुटपुटत होते.

मग त्यांचा फोन वाजला. शेवंताबाई.

"भाऊ, बसला व्हता ना! माह्याच धानाच्या बांधीत, कापलेल्या पेंड्यायपाशी. आम्ही सडकेवरून पाह्यला."

"सगळ्या आल्या का बाई?"

"सगळ्या आल्या. इळे राह्यले तिथीच."

"इळे मी आणून देतो," भाऊ म्हणाले. वाघापाशी राहिलेले विळे आणून द्यायचे, त्यांना एवढंच सुचलं. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. प्रफुल्लनं विचारलं तेव्हा, राग आला म्हणून रडले, असं मी त्याला ठणकावून सांगितलं.

यंदा भाऊंनी काम सोडलं. "आता मलेच पुसा," म्हणाले आणि सिंदेवाहीकडे छायाताईंच्या गावी राहायला गेले. ताईही निवृत्त झाल्यात. दोघं मिळून थोडी धानाची शेती करतात. तोवर ती व्यवस्था बऱ्याच गावांत पसरली होती, त्यांच्याही. मी आणि प्रफुल्ल परवा भेटायला गेलो तर दोघं शेतात. आम्ही धुऱ्यावर बसून चिवडा खात होतो. भाऊ नव्या कुठल्याशा पद्धतीबद्दल सांगत होते आणि छायाताई निंदण करता करता म्हणत होत्या, "यायचं नका मनावर घेऊ. मले म्हणे, तुह्या भाजीले बी आधी ठोकून पाहावं लागते."

तेवढ्यात ताईंच्या कमरेचा मोबाइल वाजला. शेजारच्या बांधीतला वाजला. पलीकडचा वाजला. फोन उचलले गेले आणि सगळ्या शिवारातून एकच आवाज यायला लागला: मी वामन नगराळे बोलून राह्यलो, चांद्याहून.

ताईंनी खुरपं टाकलं आणि डबा उचलला. "चला, निंगा."

"थांब वो जरा," भाऊ म्हणाले. या यंत्रात काय काय बिघडू शकतं, ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत? "मले पाहू दे आधी. कॅमेऱ्यापुढून कुत्रं गेलं असन. नाईतं नवीन पोट्ट्यायनं काई..."

"तुम्ही पाहत बसा. तो भाऊ खोटं नाई बोलत."

"अवो छाया, तो भाऊ म्हणजे मीच हावो!"

"असान," ताई म्हणाल्या आणि सडकेच्या वाटेला लागल्या. "त्यायचं ऐकते मी. तुमचं घरी गेल्यावर पाहू."

भाऊंनी आमच्याकडे पाहिलं, आणि खाली पडलेलं खुरपं उचलून ताईंच्या मागं चालायला लागले.